मेट्रोच्या अधिभाराचा हिशेब कोण देणार?

पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट घेणाऱ्याला मुद्रांक शुल्कापोटी ५ लाख ६० हजार रुपये मोजावे लागतात. घर महिलेच्या नावावर असेल तर थोडी सवलत मिळते. सात टक्क्यांतले पाच टक्के मूळ शुल्काचे, एक टक्का स्थानिक संस्थेचा आणि उरलेला एक टक्का वाहतूक प्रकल्पांचा. दस्त नोंदवणारे वकील आणि एजंट या शेवटच्या टक्क्याला ‘मेट्रो सेस’ म्हणतात. ८० लाखांवर त्याचे ८० हजार होतात. कोविडच्या काळात हा अधिभार दोन वर्षे थांबवला होता. १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर या शहरांत तो पुन्हा सुरू झाला.

हा झाला पावतीवर दिसणारा भाग. न दिसणारा भाग त्याच्याही आधी वसूल झालेला असतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात १९९२ मध्ये विकास शुल्काचे प्रकरण घातले गेले. बांधकाम परवानगी घेतानाच बिल्डरने रेडीरेकनरच्या (सरकारी बाजारमूल्य दराच्या) ठरावीक टक्क्यांप्रमाणे ते भरायचे. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि मेट्रोसारखे मोठे वाहतूक प्रकल्प जिथे हाती घेतले जातात तिथे हे शुल्क दुप्पट करण्याची सोय झाली. बिल्डर ते खिशातून भरत नाही. प्रति चौरस फुटाच्या दरात ते गुपचूप मिसळते आणि गिऱ्हाइकाच्या गृहकर्जात जाऊन बसते. म्हणजे त्यावर वीस वर्षे व्याजही गिऱ्हाईकच भरते.

तरीही या शुल्कामागचा विचार चुकीचा नाही. वाकड, हिंजवडी, माण, म्हाळुंगे या पट्ट्यात ज्या वेगाने टॉवर उभे राहिले, त्या वेगाने रस्ते वाढले नाहीत. चारशे फ्लॅटची एक सोसायटी म्हणजे सकाळी नऊ वाजता एकाच चौकात उतरणाऱ्या काही शे गाड्या. हा भार टाकणाऱ्याने त्याच्या निवारणाला हातभार लावावा, हे कोणालाही पटेल. शिवाय ‘मेट्रो स्टेशन पाच मिनिटांवर’ अशी जाहिरात करून दर वाढवून घ्यायचे आणि स्टेशनच्या खर्चाचा विषय निघाला की हात वर करायचे, हा बिल्डर मंडळींचा पवित्रा टिकणारा नाही. स्थानकांभोवतीच्या ५०० मीटरच्या परिसरात चारपर्यंत एफएसआय (चटई निर्देशांक) मिळण्याची वाट मोकळी झाली ती मेट्रोमुळेच. त्या वाढीव मजल्यांवर प्रीमियम घेतला तर बिघडले कुठे?

बिघडते ते वसुलीच्या पद्धतीत.

मुद्रांक शुल्कातला हा एक टक्का अधिभार नव्या बांधकामापुरता नाही. कोथरूडमधला तीस वर्षांपूर्वीचा दोन खोल्यांचा फ्लॅट एका कुटुंबाने दुसऱ्याला विकला, तरी एक टक्का लागतो. त्या व्यवहाराने शहरावर एका स्कूटरचाही भार वाढलेला नसतो. उलट मेट्रो मार्गालगत ज्यांचे व्यापारी गाळे आधीपासून आहेत, ज्यांची भाडी गाडी धावू लागल्यावर चढली, त्यांनी मालमत्ता विकायला काढली नाही तर हा अधिभार त्यांच्या वाट्याला येतच नाही. वाहतुकीचा लाभ ज्यांना आयता मिळाला ते मोकळे आणि बदलीमुळे किंवा मुलांच्या शिक्षणासाठी घर बदलणारा मात्र पकडीत, अशी ही उलटी रचना आहे.

लंडनने एलिझाबेथ लाइनचा पैसा उभा करताना या प्रश्नाचा विचार केलेला दिसतो. तिथल्या महापौरांनी एप्रिल २०१२ पासून नव्या बांधकामावर प्रति चौरस मीटर शुल्क लावले. शहराचे तीन गट पाडले आणि दर ५०, ३५ व २० पौंड असे ठेवले. परवडणारी सामाजिक घरे त्यातून वगळली. पण त्याआधीच, एप्रिल २०१० पासून, जुन्या व्यापारी मालमत्तांवरही पुरवणी कर बसला होता. वार्षिक करपात्र मूल्य ५५ हजार पौंडांहून जास्त असलेल्या कार्यालयांनी दर पौंडामागे दोन पेन्स द्यायचे. कोपऱ्यावरचा किराणावाला सुटला, बँकांच्या मुख्यालयांना द्यावे लागले. या मार्गालाही उशीर झाला. २०१८ च्या डिसेंबरात सुरू व्हायची गाडी मे २०२२ मध्ये धावली आणि खर्चही फुगला. पण नव्या-जुन्या दोघांनी वाटा उचलला होता.

हिशेबाच्या बाबतीत कॅलिफोर्नियाकडे पाहावे. १९८७ च्या तिथल्या कायद्यानुसार नव्या बांधकामाकडून घेतलेले शुल्क वेगळ्या खात्यात ठेवावे लागते आणि आर्थिक वर्ष संपल्यावर १८० दिवसांत जमा-खर्च जाहीर करावा लागतो. पाच वर्षांनंतरही पैसा पडून असेल तर तो कशासाठी लागणार आहे आणि काम कधी सुरू होणार आहे, हे सकारण नोंदवावे लागते. ते जमले नाही तर पैसे परत करायचे, तेही त्या मालमत्तेच्या आजच्या मालकाला!

असा कायदा असूनही घोटाळे होतातच. कॅलिफोर्नियाच्या रिव्हरसाइड परगण्याच्या पश्चिम भागातल्या शहरांनी २००३ पासून प्रादेशिक रस्त्यांसाठी एकसमान शुल्क सुरू केले. घरे बांधली जातात त्या शहराने ते गोळा करायचे आणि प्रादेशिक संस्थेकडे द्यायचे. ब्यूमॉन्ट नावाच्या लहान शहराने पैसे दिलेच नाहीत. प्रकरण कोर्टात गेले आणि २०१४ मध्ये न्यायालयाने शहराकडून सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर येणे असल्याचा निकाल दिला. २०१६ मध्ये शहराच्या सात माजी अधिकाऱ्यांवर सार्वजनिक पैशाच्या अपहाराचे गुन्हे दाखल झाले. पण येणे रकमेचा आकडा मांडता आला, म्हणूनच तर प्रादेशिक संस्था कोर्टात जाऊ शकली.

त्याच राज्यातल्या एल डोराडो परगण्यात जॉर्ज शीट्झ या गृहस्थांना स्वतःच्या जमिनीवर तयार साच्याचे एक साधे घर ठेवण्यासाठी २३,४२० डॉलर वाहतूक शुल्क भरावे लागले. एका घरामुळे रस्त्यावर नेमका किती भार पडतो याचा हिशेब न करता ही रक्कम ठरवली, अशी त्यांची तक्रार होती. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की शुल्क कायदेमंडळाने ठरवले म्हणून ते तपासणीतून सुटत नाही. घेतलेला पैसा आणि पडणारा भार यांचा मेळ असलाच पाहिजे. न्यायालयाने शुल्क रद्द केले नाही. प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र मान्य केला.

आपल्याकडे तो प्रश्न विचारायला जागाच सापडत नाही. घर घेणाऱ्याच्या हातात इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, पडतो. त्यावर मुद्रांक शुल्काची एकूण रक्कम असते. त्यातले किती पैसे वनाझ-रामवाडी मेट्रो मार्गाला गेले आणि किती दुसरीकडे, हे त्यावरून कळत नाही. विकास शुल्क जिथे गोळा होते त्या हद्दीत राहते आणि कोंडी नेमकी हद्दीवर होते, हा आणखी एक घोळ. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, हिंजवडीचे आयटी पार्क एमआयडीसीचे, हिंजवडी गाव ग्रामपंचायतीचे, नियोजन पीएमआरडीए या महानगर प्राधिकरणाचे. वाकडमध्ये भरलेले शुल्क हिंजवडीच्या रस्त्यावर कोणी आणि कसे खर्च करायचे? शिवाजीनगर-हिंजवडी या २३ किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. तिच्या मुदती पुढे पुढे सरकत गेल्या, त्या काळात या परिसरात फ्लॅट घेणाऱ्यांनी, कोविडमधली दोन वर्षे सोडली तर, अधिभार मात्र वेळेवर भरला.

बांधकामावर अवलंबून असलेला पैसा बेभरवशाचा असतो, हेही २०२० मध्ये दिसले. बाजार थंडावल्यावर सरकारने मुद्रांक शुल्क घटवले, २०२१ मध्ये बांधकाम प्रीमियम निम्मे केले. मेट्रोचे खांब उभे राहत होते त्याच काळात तिच्या नावाचा अधिभार बंद होता.

म्हणून अधिभार आणि विकास शुल्क दोन्ही ठेवावे, पण अटी घालून. पुनर्विक्रीचे छोटे फ्लॅट अधिभारातून वगळावेत आणि ती तूट स्थानकांजवळच्या मोठ्या व्यापारी मालमत्तांकडून भरून काढावी. विकास शुल्काचा ठरावीक हिस्सा महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या जोडरस्त्यांसाठी महानगर पातळीवर एकत्र ठेवावा. आणि राज्य सरकारने येत्या अर्थसंकल्पात या एक टक्क्याची शहरवार जमा आणि प्रकल्पवार खर्च स्वतंत्र तक्त्यात छापावा. त्याला नवा कायदा लागत नाही, अर्थखात्याचा एक आदेश पुरतो.