उरलेल्या भोपळ्याचं सूप, आईच्या भाषेत 'सार'

मागच्या नोव्हेंबरात आई साताऱ्याहून माझ्याकडे दिल्लीला राहायला आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी खालून भाजीवाल्याची हाक आली, "सीताफल ले लो, सीताफल!" आईने बाल्कनीतूनच ओरडून सांगितलं, "भैया, एक किलो देना!" आणि पिशवी घेऊन खुशीत खाली गेली. पाच मिनिटांनी वर आली ती लाल भोपळ्याची भलीमोठी फोड घेऊन. दिल्लीत लाल भोपळ्याला सीताफल म्हणतात आणि आपल्या सीताफळाला शरीफा, हे तिला सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. ती खाली पोहोचेपर्यंत त्याने भोपळा कापून तोलूनही ठेवला होता. आता नको कसं म्हणायचं?

तर अशा रीतीने दोन माणसांच्या घरात एक किलो भोपळा आला.

आईने त्यातल्या अर्ध्याची मेथीदाण्याची फोडणी देऊन, गूळ घालून भाजी केली. भाजी छानच झाली होती, पण चौघांना पुरेल एवढी. साताऱ्याच्या घरात आम्ही चौघं होतो. दादा नोकरीसाठी पुण्याला गेला, मी इकडे आले आणि गेल्या वर्षी बाबा गेले. घरातली माणसं कमी झाली, आईच्या हाताचं माप मात्र चौघांचंच राहिलं. त्यामुळे आमच्या फ्रिजमध्ये रोज काही ना काही उरायचं. अर्धं गाजर, दुधीचा तुकडा, वाटीभर भाजी.

आणि रात्री जेवायच्या वेळी ती म्हणायची, "मला भूक नाही, तू जेव." कपभर दूध घेतलं की तिचं जेवण झालं. तिच्या बांगड्या हात वर केला की कोपराकडे घसरायच्या. ते बघून मला काळजी वाटायला लागली. पोळी-भाजी समोर ठेवून आग्रह केला की ती चिडायची. म्हणून एका थंडीच्या रात्री मी फ्रिजमधल्या भोपळ्याचं सूप केलं.

तिने वाटीकडे बघितलं आणि म्हणाली, "आमच्याकडे सूप धान्य पाखडायला असतं. आणि हे असलं आजारी माणसाला देतात. मी काय आजारी आहे?"

पुढच्या वेळी मी त्यालाच साजूक तुपाची जिऱ्या-हिंगाची फोडणी दिली आणि म्हटलं, "आई, भोपळ्याचं सार केलंय." तिने एक वाटी प्यायली. मग दुसरी वाटी भातावर घेतली. तिचा तो भात संपेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.

काय काय घालायचं?

या सूपची गंमत अशी की त्यासाठी बाजारात जावं लागत नाही. तीन ते चार वाट्यांसाठी माझं माप असं आहे:

- लाल भोपळा, साल काढून, पाव किलो
- गाजर १
- टोमॅटो १ मध्यम
- कांदा १ लहान
- लसूण ३-४ पाकळ्या, आलं अर्धा इंच
- मुगाची डाळ १ मोठा चमचा, धुऊन
- पाणी २ वाट्या, नंतर लागेल तसं
- साजूक तूप २ लहान चमचे, जिरं अर्धा चमचा, चिमूटभर हिंग, मिरपूड, मीठ, अर्धं लिंबू

मुगाची डाळ दाटपणासाठी. त्यामुळे कॉर्नफ्लोर लागत नाही आणि रात्री एवढंच खाणाऱ्या माणसाच्या पोटात थोडी प्रथिनंही जातात. भोपळ्यात पाणीच जास्त असतं. १०० ग्रॅम कच्च्या भोपळ्यातून जेमतेम २६ कॅलरी मिळतात. म्हणून ज्यांचं खाणं कमी झालंय त्यांच्यासाठी डाळ आणि तूप वगळू नका. शिवाय भोपळ्याला केशरी रंग देणारं बीटा कॅरोटीन शरीरात नीट शोषलं जायला थोडी स्निग्धता लागते. आपल्या आज्यांनी वरून तूप सोडायची सवय लावली, ती उगीच नाही.

भोपळ्याच्या जोडीला दुधीचा तुकडा, फ्लॉवरचे कोवळे दांडे, एखादा बटाटा, कोथिंबिरीच्या काड्या असं काहीही चालतं. फ्लॉवर मात्र थोडाच घ्या, नाहीतर त्याचाच वास पुढे येतो. पालक घातला तर केशरी रंग जाऊन मातकट होतो, चवीला काही बिघडत नाही. बीट घातलं की सगळं लालभडक. भेंडी आणि कारलं मात्र इथे नकोच. एकीचा बुळबुळीतपणा आणि दुसऱ्याचा कडूपणा लपत नाही.

कसं करायचं?

कुकरमध्ये एक चमचा तूप गरम करून लसूण, आलं आणि कांदा परता. कांदा मऊ झाला की भाज्यांच्या फोडी आणि मुगाची डाळ घालून दोन मिनिटं हलवा. दोन वाट्या पाणी आणि मीठ घालून तीन शिट्ट्या करा. गॅस बंद करून वाफ आपोआप जाऊ द्या.

आता महत्त्वाचं. गरम सूप लगेच मिक्सरमध्ये घालू नका. बंद भांड्यात वाफ कोंडून झाकण उडतं आणि हात भाजतो. आधी कोमट होऊ द्या, भांडं अर्धंच भरा आणि झाकणावर हात ठेवून थोडं थोडं फिरवा. घाई असेल तर पुरणयंत्रातून काढा किंवा रवीने घोटा. सार थोडं रवाळ झालं तरी चांगलंच लागतं.

वाटलेलं मिश्रण पातेल्यात घेऊन हवं तेवढं पाणी घाला आणि चांगली उकळी आणा. उरलेल्या तुपात जिरं, हिंग तडतडवून वर फोडणी द्या. मिरपूड घाला आणि गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा. लिंबाशिवाय भोपळ्याचा गोडपणा जरा अंगावर येतो. लहान मुलांसाठी मिरपूड कमी करून वर थोडं दूध घालता येईल, पण मग लिंबू नको. आणि दूधही गॅस बंद केल्यावरच घाला, नाहीतर टोमॅटोच्या आंबटपणाने फाटायची शक्यता असते.

भाजी शिजवलेली उरली असेल तर?

तीही चालते. कढीपत्ता आणि मिरच्या काढून टाका, मेथीदाणे दिसतील तेवढे वेचा, कारण वाटल्यावर ते कडवट लागतात. एक टोमॅटो आणि मुगाची डाळ वेगळी शिजवून त्यात ही भाजी मिसळा आणि वाटा. भाजीत मीठ आणि गूळ आधीच असतो, म्हणून मीठ चाखूनच घाला. आल्याचा रस आणि लिंबू मात्र जरा जास्त लागेल.

उरलेलं वापरायचं, पण खराब झालेलं नाही

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. आकडा वाचून वाईट वाटतं. पण म्हणून सगळंच पोटात ढकलायचं नसतं. माझ्या आईला काहीही फेकताना त्रास होतो, त्यामुळे आम्ही दोघींनी मिळून काही नियम ठरवलेत.

१. कापलेला भोपळा ठेवताना आधी बिया आणि मधला धाग्यांचा गर काढून टाका. भोपळा तिथूनच आधी खराब होतो. मग झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. न कापलेला पक्का भोपळा कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिनेही टिकतो.

२. फोड बुळबुळीत झाली, आंबूस वास आला किंवा बुरशी दिसली तर सगळी टाका. नुसता बुरशीचा भाग कापून उरलेला वापरू नका. अशा पाणीदार भाजीत बुरशी दिसते त्यापेक्षा आतपर्यंत गेलेली असते.

३. भोपळा, दुधी कापल्यावर कच्चा छोटासा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि ती भाजी फेकून द्या. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या घटकांचा असतो. त्याने उलट्या, जुलाब होतात आणि शिजवूनही तो जात नाही. कडू दुधीचा रस प्यायल्याने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. 'औषधी असेल' म्हणून कडू भाजी कधीही खाऊ नका.

४. शिजवलेली भाजी किंवा सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. तीन दिवसांत संपवा. लागेल तेवढंच बाहेर काढा आणि खळखळून उकळी आणूनच प्या. पुन्हा पुन्हा गरम केलेलं ठेवू नका.

५. एकटे राहत असाल तर फोडणी देण्याआधीचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. रात्री उशिरा घरी आल्यावर पाच-सहा तुकडे पातेल्यात टाकले, पाणी घालून उकळलं आणि फोडणी दिली की झालं.

एक फोड बाजूला

लहानपणी आपण सगळ्यांनीच भोपळ्यात बसून जंगलातून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट ऐकली आहे. ती वाघाला चकवते एवढंच मला लक्षात होतं. ती लेकीकडे गेलेली असते, तिथे पोटभर खाते आणि चांगली गुटगुटीत होऊन परतते, हे मी विसरले होते. परवा आईला तसं म्हटलं तर म्हणाली, "आधी लेकीला धड पोळ्या येऊ देत."

पण परवाच आणखी एक गोष्ट झाली. भाजीवाल्याकडून आईने भोपळा आणला, यावेळी अर्धाच किलो. सीताफल म्हणूनच मागितला. ओट्यापाशी उभी राहून तिने फोडीचे दोन भाग केले. एक चिरायला घेतला आणि दुसरा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"रात्रीच्या साराला. दोघींना पुरेल."

बाबा गेल्यानंतर तिने दोघींचं माप पहिल्यांदाच काढलं होतं. मी काही बोलले नाही, लसूण सोलायला घेतला.

तुमच्या फ्रिजमध्येही आज असाच एखादा तुकडा पडून असेल. आज रात्री तो बाहेर काढा. आणि घरात कुणी 'मला भूक नाही' म्हणणारं असेल, तर त्यांच्यासमोर पूर्ण ताट ठेवू नका. आधी एक वाटी ठेवा.