मान काळी म्हणजे मळ नव्हे!

गेल्या आठवड्यात एक आई आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीच्या मानेवर लाल ओरखडे, एका ठिकाणी कातडी सोललेली. ‘‘डॉक्टर, रोज नायलॉनच्या जाळीने घासते, वर लिंबू आणि खायचा सोडा चोळते, तरी काळेपणा जाईना. लोक विचारतात, पोर अंघोळ करते की नाही?’’ मुलगी खाली बघत बसली होती. मी म्हटले, ‘‘ताई, हा मळ नाही. घासून जाणार नाही.’’

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. पण तो कचरा नव्हे. आतला ओलावा राखणे आणि जंतूंना अडवणे हे त्याचे काम. खाली नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात आणि साधारण चार आठवड्यांत आपोआप झडतात. जोराने घासले की कातडी बचावासाठी जाड होते आणि सावळ्या वर्णाच्या माणसांत तिथे काळे डाग उमटतात. पाठीवर, दंडावर काळपट छटा घेऊन येणाऱ्यांकडे चौकशी केली, तर पुष्कळदा नायलॉनची जाळी किंवा खरखरीत दगडच निघतो. लिंबाचे आम्ल कातडी पोळते. रस लावून उन्हात गेल्यास फोड येऊन डागही पडतात.

मग मळ काढायचाच नाही का? अवश्य काढा, पण बेताने. आपली दिवाळीची पद्धत मला शास्त्रशुद्ध वाटते : आधी तेल, मग उटणे, मग कोमट पाणी. तेलामुळे घर्षण कमी होते. उटणे किंवा मसूर डाळीचे पीठ वस्त्रगाळ असावे. आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने, मिनिटभर पुरे. नंतर अंग टिपून, ओलसर असतानाच खोबरेल लावावे. मुरूम, गजकर्ण, खरूज किंवा जखम असलेल्या जागी चोळू नये. अंग घासायचे फडके प्रत्येकाचे वेगळे असावे आणि ते रोज उन्हात वाळवावे.

टाचांसाठी पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून वज्री हलकेच फिरवावी. ब्लेडने कातडी कधीही तासू नये. मधुमेह असणाऱ्यांनी तर वज्रीही वापरू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, जखम कळत नाही आणि ती चिघळते. पाणी किती गरम आहे, हेही दुसऱ्याने हात घालून पाहावे.

आता त्या मुलीविषयी. मान आणि काखा काळ्या, जाडसर, मखमलीसारख्या झाल्या असतील व वजनही वाढलेले असेल, तर शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. पुढे मधुमेह होण्याचा धोका असतो. म्हणून मी तिला मलम देण्याआधी रक्तातली साखर तपासायला सांगितली. आहार सांभाळून, रोज चालून वजन उतरले की हा काळेपणाही पुष्कळदा फिका होतो.

वाचकहो, कोणाची मान काळी दिसली तर अंघोळीवरून टोमणा मारू नका. साखर तपासून घ्या, एवढेच सांगा.