परिसंवादातून रुग्णालाही मिळते



‘बायोमटेरियलवरचे (शरीरात वापरायच्या पदार्थांवरचे) परिसंवाद म्हणजे शोधनिबंधांची जत्रा, रुग्णाच्या पदरात काय?’ हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची कृत्रिम हृदयझडप घ्या. आधीच्या नमुन्यांनी चाचण्यांत दगा दिला. त्यांतल्या एकाची चकती तर कृत्रिम नीलमण्याची होती. शेवटी चकतीसाठी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिइथिलीन निवडले आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसली. कोणता पदार्थ झिजतो, कशावर रक्त गोठते, हे अभियंते आणि शल्यविशारद अशा परिसंवादांत एकत्र बसल्याशिवाय कळत नाही.

रुग्णाचा आवाज परिसंवादात क्वचितच ऐकू येतो, हा त्या पत्रलेखकाचा आक्षेप मात्र खरा आहे. आपल्या पुण्यातल्या खडकीत १९७४ पासून जायबंदी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेकांना लघवीसाठी वर्षानुवर्षे कॅथेटर, म्हणजे नळी, वापरावा लागतो. नळीत क्षार साचतात, जंतूंचा थर धरतो, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो. त्या नळीचा पृष्ठभाग कसा असावा, हा बायोमटेरियलचाच प्रश्न आहे. पुण्यातील आयोजकांनी पुढच्या परिसंवादात एक सत्र या जवानांना बोलण्यासाठी द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, खडकी