श्वानाच्या वाट्याचे धान्य

श्वानाच्या आहारात धान्य असावे की नसावे, हा वाद आता केवळ शहरी श्वानपालकांपुरता राहिलेला नाही. ‘ग्रेन-फ्री’ असे ठळक छापलेली महाग खाद्यपाकिटे बाजारात आली आहेत आणि भाकरीवर वाढणारा राखणीचा कुत्रा जणू चुकीच्या आहारावर जगत आहे, असा समज त्यातून पसरत आहे. हा समज शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. मात्र या वादात खरा प्रश्न मागे पडतो. श्वानाच्या वाट्याला येणारे धान्य कोणत्या प्रतीचे असते, हा तो प्रश्न होय.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे महत्त्वाचा ठरतो. पिष्टमय पदार्थ पचविणारे अमायलेज हे विकर स्वादुपिंडात तयार होते. त्यासाठी लागणाऱ्या जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती आढळल्या. श्वानांत मात्र त्या ४ ते ३० होत्या. माणसाच्या सहवासात श्वानाचे पचनही बदलत गेले. उत्तर कर्नाटकातील मुधोळ ही जात ज्वारीच्या मुलखातच घडली, हे विसरता येत नाही.

धान्याच्या ॲलर्जीचा मुद्दाही तपासून पाहावा. आहारजन्य त्वचाविकाराच्या २९७ श्वानांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, कोंबडीचे मांस १५ टक्के आणि गहू १३ टक्के श्वानांत कारणीभूत आढळला. म्हणजे गव्हाचा क्रमांक प्राणिज पदार्थांच्या नंतर लागतो. उलट, वाटाणा-मसूर यांवर आधारलेल्या धान्यविरहित खाद्याचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. तथापि ‘धान्य नाही म्हणजे सुरक्षित’ हे समीकरणही टिकत नाही.

याचा अर्थ केवळ भाकरी पुरेशी आहे, असा नव्हे. श्वानाला प्रथिने, स्निग्ध पदार्थ व खनिजे यांची गरज धान्याने भागत नाही. शिजवलेल्या धान्यासोबत अंडी, मासळी किंवा मांस हवेच. कांदा-लसूण घातलेली उरलेली भाजी मात्र टाळावी.

आता मूळ प्रश्न. वाळवणानंतर धान्य पाखडले, चाळले, निवडले जाते. चांगले दाणे घरात राहतात. सोंडे लागलेली ज्वारी, भिजून वास मारणारा मका, जाळी धरलेले पीठ जनावरांकडे आणि कुत्र्याकडे जाते. येथेच घात होतो. सोंड्याची मादी दाण्याला छिद्र पाडून आत अंडे घालते आणि अळी दाणा आतून पोखरते. किडींच्या श्वसनामुळे साठ्यात उष्णता व ओलावा वाढतो. पोखरलेल्या दाण्यात ॲस्परजिलस बुरशीला वाट मिळते. तिचे बीजाणू किडीच अंगावरून वाहून नेतात. या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृतावर आघात करते, आणि श्वान या विषाला विशेष संवेदनशील आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेत श्वानांमध्ये ‘हिपॅटायटिस एक्स’ नावाचा यकृतविकार आढळला. त्यामागे बुरशीयुक्त खाद्य होते. अफ्लाटॉक्सिनचा शोध त्यानंतर, १९६० मध्ये इंग्लंडमधील टर्की पक्ष्यांच्या मोठ्या मरीनंतर लागला. डिसेंबर २०२० मध्येही अमेरिकेत अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्याने श्वानखाद्य परत मागवावे लागले. त्या खाद्याशी संबंधित असण्याची शक्यता असलेल्या श्वानमृत्यूंची संख्या शंभरावर गेली.

‘कुत्रा आजवर हेच खात आला, त्याला काय झाले?’ असा प्रतिप्रश्न शेतकरी करतील. त्यात तथ्य इतकेच की दोन-चार सोंडे पोटात गेल्याने श्वान मरत नाही. पण विष थोडे थोडे जात राहिले, तर यकृताची हानी बाहेरून दिसत नाही. भूक मंदावते, वजन घटते, डोळे पिवळे पडतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. चाळल्याने कीड जाते, विष जात नाही. शिजवल्याने आणि भाजल्यानेही ते नष्ट होत नाही. हेच धान्य दुभत्या जनावराला घातले, तर विषाचा अंश दुधातून घरातील लेकरांपर्यंत पोहोचतो. म्हणून कुत्र्याच्या ताटलीचा प्रश्न हा शेवटी साठवणुकीचा प्रश्न आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी साठवणुकीच्या प्रशिक्षणात हा विषय जोडावा. धान्यातील ओलावा १२ टक्क्यांपेक्षा कमी असावा. नीट वाळलेला दाणा दाताखाली कट्कन फुटतो. हवाबंद कोठी किंवा पिशवी वापरावी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू माणूस व श्वान दोघांनाही मारक आहे. किडके पण कोरडे, बुरशी व वास नसलेले धान्य निवडून वापरता येईल. बुरशी दिसलेले धान्य मात्र कोणत्याही जनावरास न घालता खड्ड्यात पुरावे.

रात्रभर पिकाची राखण करणाऱ्या श्वानाला भाकरी द्यावी. ती मात्र घरातील माणसे खातात त्याच धान्याची असावी.