बाळाचा श्वास मोजायला शिका

बाळंतपणाला तीन आठवडे झाले आहेत. थंडीचे दिवस, खोलीच्या खिडक्या बंद. बाळाचे नाक वाजते आहे म्हणून दादी काळजीत आहे. कुणी म्हणते लोबान फिरवा, कुणी म्हणते नाकात कोमट तेलाचे दोन थेंब सोडा, कुणी नजर उतरवून मिरच्या जाळते. बाळावर सगळ्यांचाच जीव आहे. पण घड्याळ समोर ठेवून त्याचा श्वास मात्र कुणीच मोजत नाही.

नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. नाकपुडी इतकी अरुंद असते की थोडा शेंबूड सुकला तरी घरघर ऐकू येते. अशा वेळी दूध पाजण्याआधी डॉक्टरांनी सांगितलेले मिठाच्या पाण्याचे तयार थेंब नाकात घातले की बहुतेक वेळा बाळ शांतपणे पिते. उलट, लहान बाळाला न्यूमोनिया झाला तर कधी कधी खोकला नसतो, तापही नसतो. म्हणून आवाजावर विसंबू नका. श्वास मोजा.

बाळ झोपलेले किंवा शांत असताना मोजा, रडल्यावर किंवा दूध प्यायल्यावर लगेच नको. झबले वर करा. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. काही श्वास भरभर होतात, मग पाच-सात सेकंद थांबतात. हे नेहमीचेच आहे. श्वास वीस सेकंद थांबला किंवा बाळ निळे पडले, तर मात्र तो धोका आहे.

आता आकडे लक्षात ठेवा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हा तितकेच भरले तर लगेच रुग्णालय गाठा. दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. अशा मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आकडा कमी असला तरी पुढील लक्षणे दिसली तर थांबू नका: श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुगणे, प्रत्येक श्वासाला कण्हणे, ओठ किंवा जीभ निळी पडणे, दूध ओढणे बंद होणे, बाळ मलूल होणे. दोन महिन्यांच्या आत ताप येणे आणि अंग गार पडणे, दोन्ही धोक्याचेच.

इथेच अनेक घरांत वेळ जातो. ‘सकाळी बघू’, ‘अब्बा येऊ देत’, ‘आखातातून फोन आला की ठरवू’, ‘अजून चिल्ला पूर्ण झाला नाही, हिला बाहेर कसे काढायचे?’ तान्हे बाळ काही तासांत खालावते. चिल्ल्याचे दिवस आईच्या विश्रांतीचे आहेत. आजारी बाळाला दवाखान्यात नेण्याच्या आड ते येऊ नयेत. गाडी नसेल तर 108 वर फोन करा. वाटेत बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घालून न्या. नाक-तोंड उघडे राहील याकडे लक्ष द्या.

लोबान, ओव्याची धुरी, अगरबत्ती, डासांची कॉईल, चूल, विडी-सिगारेट, धूर कुठलाही असो, नाजूक फुप्फुसांना तो त्रासदायकच. घरात सुगंध हवा असेल तर लोबान बाळाच्या खोलीपासून दूर, खिडक्या उघडून लावा. ऊब द्यायला धुराची गरज नाही. टोपी, मोजे आणि आईची कूस पुरे. नाकात तेल सोडू नका, ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला इजा करते. छातीला कापराचे मलम लावू नका. मोठ्या भावंडाच्या खोकल्याच्या औषधाची उरलेली बाटलीही बाळासाठी उघडू नका.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्या आणि लसी वेळेवर घ्या. न्यूमोनियापासून बचाव करणारी पीसीव्ही लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयात सरकारी केंद्रात मोफत मिळते. आशाताई जन्मानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका. श्वास कसा मोजायचा ते त्यांच्याकडून एकदा समोर बसून शिकून घ्या. आईने शिकावे, दादीने शिकावे आणि अब्बांनीही.

आज बाळ ठणठणीत असेल तर आजच मोजून पाहा आणि आकडा लसीच्या कार्डावर पेन्सिलीने लिहून ठेवा. नेहमीचा श्वास ठाऊक असला की रात्री-अपरात्री तो बदलल्याचे चटकन कळेल.