संगणकातला दुभाषा

आपल्या सीमाभागात दुभाष्याचे मोल कुणाला वेगळे सांगायला नको. कचेरीतून आलेला कन्नड कागद आजीला मराठीत समजावून देणारा एखादा नातू घरोघरी असतोच. संगणकातही असा दुभाषा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. प्रिंटर, मोडेम, साऊंड कार्ड यांची प्रत्येकाची बोली निराळी. ड्रायव्हर ती कार्यप्रणालीला कळेल अशी करून सांगतो. विंडोज वापरताना या दुभाष्याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. त्याची ओळख करून दिली ती लिनक्सने.

२००६ साली घरच्या संगणकावर मी लिनक्स बसवले. उबुंटूची सीडी त्या काळी मागणी नोंदवली की टपालाने फुकट घरी येत असे. हार्ड डिस्कला हात न लावता सीडीवरूनच संगणक सुरू करून पाहता येई. पडद्यावर चित्र उमटले, माउस हलला, गाणेही वाजले. मोडेम मात्र मुका! टेलिफोनची वायर जोडलेली, लाईन चालू, तरी हूं नाही की चूं नाही.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. आमच्या संगणकातला मोडेम मुळात अर्धाच होता. पूर्ण मोडेममध्ये फोनवरच्या आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारी चिप असते. स्वस्त संगणकांत तेव्हा विनमोडेम बसवत. त्यात हे काम चिपऐवजी विंडोजमधल्या ड्रायव्हरवर सोपवलेले असे. बनवणाऱ्यांचा खर्च वाचे. पण आमचा मोडेम बनवणाऱ्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला नाही आणि आतली माहितीही जाहीर केली नाही. मग दुसऱ्या कुणी दुभाषा तयार करायचा तरी कसा? शेवटी शेजारच्या काकांनी माळ्यावर पडलेला जुना, बाहेरून जोडायचा मोडेम दिला. तो सीरियल पोर्टला लावला आणि पहिल्याच दमात बोलू लागला. त्याला द्यायच्या आज्ञा साऱ्या जगाला ठाऊक होत्या, एवढाच काय तो फरक.

लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिनक्सची घोषणा केली, तेव्हा ते एकाच प्रकारच्या हार्ड डिस्कवर चालत होते. कारण त्याच्याजवळ तेवढीच होती! पुढे ज्याच्या घरी जे यंत्र, त्याने त्याचा ड्रायव्हर लिहिला आणि सर्वांना देऊन टाकला. यंत्रांची यादी वाढली ती अशी.

कीबोर्डने मात्र सुखद धक्का दिला. सौ.चे माहेर धारवाडचे. तिची पत्रे कन्नडमध्ये, माझी मराठीत. लिनक्समध्ये दोन्ही भाषांसाठी इनस्क्रिप्ट मांडणी आयतीच होती. ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आहे आणि ती अक्षराच्या उच्चारावर बेतलेली आहे. इंग्रजी ‘के’च्या कळीवर मराठीतही ‘क’ आणि कन्नडमध्येही ‘क’. ‘एच’वर दोन्हीकडे ‘प’. कन्नडमधल्या ऱ्हस्व ए आणि ओ यांना तेवढ्या वेगळ्या कळा. मला कन्नड वाचताना आजही अडखळायला होते, पण बोटांना ते टाईप करता येते. एकदा हात बसला की लिपी बदलते, बोटे तीच राहतात.

वाचकहो, हे आज सांगण्याचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला आणि घरोघरचे कितीतरी धडधाकट संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात देण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहा. वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, तेही बघा. पूर्वी वायफायसाठी फर्मवेअर वेगळे मिळवावे लागे. २०२३ च्या डेबियन १२ पासून ते बसवण्याच्या फाइलीतच येते. महत्त्वाच्या फाइलींची प्रत मात्र आधी काढून ठेवा.

आणि नवा प्रिंटर घ्यायला गेलात, तर किमतीच्या आधी दुकानदाराला एवढेच विचारा, ‘लिनक्सवर चालतो का?’ प्रश्न मराठीत विचारा नाहीतर कन्नडमध्ये. उत्तर मात्र पैसे मोजण्याआधी मिळायला हवे.