फाटकी जीन आणि न फाटलेली तबकडी

तारुण्यांतील संतापाचें संगीत तारुण्याबरोबरच विझतें, असा समज आमच्या रसिकांत दृढ झाला आहे. पंक रॉक तर त्यांच्या लेखीं संगीतच नव्हे. दोन वर्षांचा आरडाओरडा, आणि तोहि साता समुद्रांपलीकडचा! उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील वाचकांस त्याचें काय होय, असा प्रश्न मग ओघानेंच येतो. आमचें उत्तर एका तबकडीच्या नांवानें देतां येईल. 'द क्लॅश' या इंग्रज वादकमंडळीची 'लंडन कॉलिंग' ही जोडतबकडी 14 डिसेंबर 1979 रोजीं इंग्लंडांत निघाली. ती आजहि शिळी झालेली नाहीं.

पंकचा गाजावाजा करणारी 'सेक्स पिस्टल्स' मंडळी 1978 च्या जानेवारींतच फुटली, हें आक्षेपकांचें म्हणणें खरें आहे. केवळ संतापावर विसंबणारी कला लवकर दमते. परंतु जो स्ट्रमर, मिक जोन्स, पॉल सिमोनन व टॉपर हेडन या चौघांनीं संतापास शिस्त लावली. त्यांच्या 19 गीतांत जमैकाचें रेगे आहे, जुनें रॉक अँड रोल आहे, जॅझची छटाहि आहे. स्पेनच्या यादवी युद्धाचें स्मरण एका गीतांत आहे, तर दुसऱ्यांत बाजाराच्या झगमगाटांत हरवलेला माणूस आहे. वेष्टनावरील छायाचित्रांत सिमोनन आपलें वाद्य जमिनीवर आपटीत आहे. लोकांनीं तेवढेंच ध्यानांत ठेवलें. आंतील वादनामागची मेहनत मात्र ते विसरले.

आतां परकेपणाचा आक्षेप. शीर्षकगीतामागें दोन भयें आहेत: थ्री माइल आयलंड येथें 1979 च्या मार्चमध्यें झालेला अणुकेंद्राचा अपघात, आणि थेम्सच्या पुरांत शहर बुडण्याची धास्ती. हीं भयें आमच्या वाचकांस समजावून सांगावयास हवींत काय? 27 जुलै 2019 रोजीं उल्हास नदीच्या पुरांत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली, आणि सुमारें एक हजार उतारूंची सुटका करावी लागली. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून उल्हासनगरांत येणाऱ्या वालधुनीचें पाणी रसायनांनीं नासलें आहे. 2014 साली तिच्यांत सोडलेल्या रसायनाच्या वायूनें शेंकडों रहिवासी आजारी पडले. ज्यांच्या उशाशीं अशा नद्या वाहतात, त्यांस हें गीत परकें कसें?

पंकचा एक वारसा मात्र आमच्याकडे बिनतक्रार नांदत आहे: नवीकोरी असतांनाच फाडलेली जीन. जीनच्या शिवणकामासाठीं प्रसिद्ध असलेल्या उल्हासनगरास तिची ओळख करून देण्याची गरज नाहीं. हें फाटकें वस्त्र कोणासहि परकें वाटत नाहीं. त्यामागचा प्रश्न तेवढा परका ठरतो! नदी कोणीं नासविली, तिच्या कांठीं राहणाऱ्यांनीं गप्प कां बसावें, हें विचारणाऱ्या गाण्यास आरडाओरडा म्हणणें सोयीचें आहे. तें न्यायाचें नाहीं. तेव्हां आक्षेपकांनीं तीं एकोणीस गीतें आधीं ऐकावीं, आणि मग आमच्याशीं वाद घालावा.